साडूंचे साडेसातशे

केज तालुक्यात असा माणूस सापडणं कठीण, ज्याच्यासाठी आमच्या साडूंनी एकदा तरी एसटीत जागा धरलेली नाही. त्यांचं मंडप-खुर्च्यांचं दुकान बसस्थानकासमोर आहे. गाडी आत शिरताना दिसली की हातातलं काम टाकून साडू धावत सुटतात, खिडकीतून रुमाल आत भिरकावतात, मागून एखाद्या म्हातारीला दंडाला धरून चढवतात आणि "बसा मावशी, जागा हाय," म्हणून परत फिरतात. स्वतःला त्यांना कुठंच जायचं नसतं. रुमाल कधी परत मिळतो, कधी म्हातारीबरोबर लातूरला जातो. साळीबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, डझनावारी रुमाल आणून ठेवतात.

सहीच्या बाबतीतही त्यांचं असंच. कोणी कागद पुढं केला की साडू रुमाल टाकावा तशी सही टाकत. त्यांच्या एका फळगाडीवाल्या दोस्ताला मोटारसायकल हवी होती. साडूंनी ती स्वतःच्या नावावर हप्त्यांनी घेऊन दिली. सहा महिने हप्ते आले. मग दोस्ताच्या बायकोचं ऑपरेशन निघालं आणि हप्त्यांऐवजी केळी येऊ लागली. साडूंच्या घरी तेव्हा केळ्याची कोशिंबीरसुद्धा होत असे. फायनान्सवाल्यांचे फोन सुरू झाले, तेव्हा साडूंच्या अंगातला मंडपवाला जागा झाला. घासाघीस करून त्यांनी राहिलेली रक्कम निम्म्यावर आणली, ती भरली आणि गल्लीत पेढे वाटले. आमच्याकडे तडजोड झाली की दोन्ही बाजू एका पंगतीत जेवतात आणि तो विषय पुन्हा काढणाऱ्याला लोक नावं ठेवतात. साडूंना वाटलं, बँकेच्या संगणकालाही ही रीत ठाऊक असेल.

त्यांची मुलगी अकरावीत गेली. पुढं तिला नर्सिंगला जायचं होतं आणि फी कर्जाशिवाय निघणारी नव्हती. कर्जाला बापाची सही लागते, म्हणून साडू आधीच चौकशीला बँकेत गेले आणि मला सोबत घेऊन गेले. साहेबांनी पडद्यावर त्यांचा स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत सांगणारा आकडा, दाखवला. पाचशे ऐंशी.

"कावून इतका कमी, साहेब?"

"मोटारसायकलच्या कर्जात तडजोड केलीय तुम्ही."

"मग? मिटलं की ते!"

"मिटलं, पण फिटलं नाही. दोन वर्षं हातात आहेत. साडेसातशेच्या आसपास आणा, मग पोरीचं बघू."

त्या दिवसापासून साडूंचं बूड जमिनीला लागलं नाही. सकाळी तोंड धुण्याआधी ते मोबाइलवर आकडा बघत. आकडा महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळेस हलतो, हे मी सांगून पाहिलं. पण पेरलेलं बी रोज उकरून बघणाऱ्यापुढं शहाणपणाचा उपयोग नसतो. कर्ज कोण देतंय याचा अंदाज घ्यावा म्हणून ते एका आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज करून आले. इतक्या चौकशा बघून आकडा आणखी खाली आला. मग लिंबागणेशला जाऊन त्यांनी गणपतीला नवस बोलला, साडेसातशे झाले की साडेसातशे मोदक. "पाचशेवर तुटलं असतं की," साळीबाई म्हणाल्या. "घासाघीस काय फक्त फायनान्सवाल्यांशीच येते का?"

कोणीतरी सांगितलं, बँकेत ठेव ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या, थोडंथोडं वापरा, वेळेवर भरा. साडूंनी कार्ड घेतलं, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलं. महिन्यातून एकदा ते बाहेर निघे, दोनशेचं पेट्रोल भरलं जाई आणि संध्याकाळच्या आत साडू पैसे भरून मोकळे होत. पण खरी मोहीम निराळीच होती. तो तडजोडीचा डाग पुसायचा तर माफ झालेली निम्मी रक्कम भरायची होती आणि ती घ्यायला कोणी तयार नव्हतं. फायनान्सचं केजचं ऑफिस उठून बीडला गेलेलं. तिथला पोरगेला कारकून म्हणाला, "काका, तुमची फाईल बंद झालीय."

"उघड की मग."

"अहो, पैसे माफ केलेत तुम्हाला."

"मला नको माफी. लई महाग पडायली ती."

पैसे मागणाऱ्यांना चुकवत फिरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पैसे द्यायला मागं लागलेला हा एकच. पाचव्या खेपेला रक्कम घेतली गेली आणि बाकी काही नसल्याचं पत्र मिळालं. ते त्यांनी दुकानात, मंडपाच्या दरपत्रकाशेजारी लावलं. या काळात कोणी सहीचा कागद घेऊन आलं की साडू दोन्ही हात खिशात घालत आणि मान खाली घालून म्हणत, "पोरीचं होऊ दे बे, मग बघू." गाड्यांत रुमाल टाकणं मात्र दुपटीनं वाढलं.

माझं सांगायचं तर माझा आकडा आठशे बारा आहे. जन्मभर शाळेत नोकरी केली, कोणासाठी कधी सही केली नाही, त्याचंच हे प्रशस्तिपत्र. एकदा साळीबाई आमच्याकडे येऊन म्हणाल्या, "भाऊजी, यांचा आकडा नाहीच वाढला तर तुमची सही चालते म्हणं." मी खिशातला रुमाल काढला, चष्मा पुसला आणि नियमांबद्दल काहीतरी बोललो. रुमालाची घडी घालून तो परत खिशात ठेवला. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

मुलगी बारावी झाली तेव्हा आकडा सातशे त्रेचाळीसवर होता आणि जागचा हलेना. साडू चार दिवस नीट जेवले नाहीत. साहेबांनी फाईल चाळली, ते पत्र दोनदा वाचलं आणि कर्ज मंजूर केलं. मोदक सातशे त्रेचाळीसच झाले. त्यातलेही सात कमी भरले, हे साळीबाईंनी फक्त माझ्या बायकोला सांगितलं.

मुलगी लातूरला निघाली त्या सकाळी निम्मं बसस्थानक तिच्याभोवती जमलं होतं. फळगाडीवाला दोस्त केळ्यांचा घड घेऊन आला होता. साडूंनी तो बिनतक्रार घेऊन तिच्या पिशवीत घातला. गाडी आली. साडू धावले, रुमाल आत पडला. यावेळी दंडाला धरून चढवायची ती त्यांची स्वतःचीच पोर होती. "बस बाई, जागा हाय," इतकंच त्यांना म्हणता आलं.

गाडी फाटकाबाहेर गेली. साडूंनी खिसे चाचपले. रुमाल गाडीतच राहिला होता. मी माझा पुढं केला. त्यांनी त्याची घडी मोडली, डोळे पुसले, जोरात नाक शिंकरलं आणि म्हणाले, "धुऊन देतो, सर. उद्याच. उशीर न्हाई व्हायचा."

याला वर्ष झालं. त्यांनी तो परत केलेला नाही. मीही मागितलेला नाही.