पोकळ डबा

माझ्या वडिलांचं चौकला, जुन्या हायवेवर गॅरेज आहे. खालापूरकडच्या एका कारखान्याच्या धुराविरुद्ध त्यांनी वर्षानुवर्षं पत्रकं काढली. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच.

गेल्या हिवाळ्यात मुंबईच्या एका साहेबांची जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार आली. घाटात ओढत नव्हती. सायलेन्सरच्या आधीचा डबा, म्हणजे इंजिनातले विषारी वायू निवळवणारा कन्व्हर्टर, तुंबला होता. काम झाल्यावर शेडमागच्या कचऱ्यात मला मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं असलेले राखाडी तुकडे दिसले. डब्यातली जाळी होती ती.

"बाबा, नवा कन्व्हर्टर बसवला?"

"बसवला."

"आला कधी? पार्सलचा टेंपो तर इकडे फिरकलाच नाही."

"झडती घेतेस काय गं माझी? पोलिसात जा, भरती निघालीय."

बोलताना त्यांनी मान वर केली नाही. ते जेवायला गेले तशी मी पाना घेऊन गाडीखाली शिरले आणि डब्यावर ठोकलं. रिकाम्या पिंपासारखा वाजला. माझे वडील गिऱ्हाइकाला फसवत होते.

संध्याकाळी साहेब आले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तुमचा डबा पोकळ आहे. आत काहीच नाही."

साहेब खूश. "वा काका! बाहेरून अगदी ओरिजिनल दिसतोय. बघणाऱ्याला पत्ता लागणार नाही. आता आवाज ऐकू द्या."

साहेबांनी अॅक्सिलरेटर दाबला. शेडचे पत्रे थरथरले, डोळे चुरचुरले. बाबा गाडीकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. म्हणजे गिऱ्हाईक फसलंच नव्हतं. खोटं फक्त माझ्याशी बोललं गेलं होतं.

गाडी गेल्यावर बाबा म्हणाले, "एक गाडी हाय गं ती. सुट्टीला घाटात येते. तिची नि कारखान्याची बरोबरी करतेस?"

"कारखानेवालेही हेच म्हणायचे, एवढ्याशा धुरानं काय होतंय. तुम्हीच छापलं होतंत ते."

ते पाने पुसून पेटीत ठेवू लागले.

"पुढचं पत्रक मी गॅरेजवाल्यांवर काढणार आहे."

"काढ," ते म्हणाले. "आपलं नाव पयलं घाल."

हे मनापासून होतं की माझी जिरवायला, ते मला आजही कळलेलं नाही. मी नाव पहिलं घातलं. शेडच्या दारावर पत्रक त्यांनी स्वतः चिकटवलं. त्यानंतर असं काम घेतलं नाही, असं ते सांगतात. मी गाडीखाली शिरते तेव्हा ते काही बोलत नाहीत, नुसते बाजूला सरकतात.