झाळलेल्या डब्यातलं कुळथाचं पीठ

आधी काकीचं सांगतो. बाकीचं सांगायला लागलो की माझं डोकं फिरतं आणि मग मी त्या गँगवेवरच्या माणसाबद्दलच बोलत बसतो. काकी राहून जाते. तसं होऊ द्यायचं नाही.

काकी म्हणजे घाटकोपरची खानावळवाली. माझी कोण म्हणाल तर कोणी नाही. डोंगराच्या उतारावर चाळीतली एक खोली, त्यात चूल, स्टो, पाट आणि भिंतीला टेकून बसलेले आम्ही सडेफटिंग कोकणातले. कोणी गिरणीत, कोणी साकीनाक्याच्या वर्कशॉपात. मी आठवीतून शाळा सोडून गावाहून आलो तेव्हा मला काहीच काम नव्हतं. तरी तिने ताट वाढलं. विचारलं एवढंच, "खंयचो रे तू? कोणाचो?" गावाचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं. ती म्हणाली, "बस मगे." पुढे एजंटमार्फत मला जहाजावर लाँड्रीत काम लागलं, तेव्हाही कागदांवर सही करायला माझ्याबरोबर तीच आली होती. आपल्याला वाचता येत नाही हे तिने त्या एजंटला कळूच दिलं नाही.

जहाज परदेशी, सैर करणाऱ्यांचं. वर पोहायचा तलाव, बँड, रोज नवीन चादरी. त्या चादरी धुणारे आम्ही पाण्याच्या पातळीखाली. मला पहिल्या दिवसापासून एकच धास्ती, आता घरी पाठवतील. अजूनही तीच आहे. साहेबाने नुसती हाक मारली तरी दचकतो.

ही धास्ती झेलायला मला मामा भेटले. नात्याने कोणी नाही, वेंगुर्ल्याकडचे, इस्त्रीच्या प्रेसवर आयुष्य गेलेलं. एकदा माझ्या हातून एका अधिकाऱ्याचा पांढरा कोट करपला. मामांनी तो माझ्या हातातून घेतला आणि साहेब आल्यावर "माझ्याकडून झालं" म्हणून मोकळे झाले. मला नंतर म्हणाले, "माका कोण काढूचो नाय. तुका काढतले."

त्याच मामांना एका फेरीत कावीळ झाली. जहाजाच्या डॉक्टरने औषध दिलं, डोळ्यांतला पिवळेपणा गेला, पण पोटात अन्न ठरेना. आमच्या मेसचा भटारी सगळं एकाच लाल रश्श्यात बुडवायचा. मामा दोन घास खायचे आणि धावत जायचे. अंगातली ताकद गेली, प्रेसचा दांडा खाली ओढता येईना. डॉक्टरने सांगून टाकलं, मुंबईनंतरच्या बंदरात पुन्हा तपासणार. प्रेसवर उभा राहिला तर ठीक, नाहीतर अनफिट शिक्का आणि घरी. अनफिट शिक्का बसलेल्याला पुन्हा कोणी जहाजावर घेत नाही. मामांच्या दोन मुलींची लग्नं व्हायची होती.

मी विचारलं, "मामा, काय खावंसं वाटतं?"

भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "कुळथाची पिठी. नि मऊ भात. दुसरा काय नको."

भात मिळाला असता. कुळीथ कुठून आणणार? पण जहाज मुंबईला दोन दिवस थांबणार होतं आणि मला पहिल्या दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत सुट्टी होती.

आता नियम सांगतो. गँगवेजवळ, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीपाशी, पाटी होती, कामगारांनी किनाऱ्यावरचं अन्न वर आणू नये, दुकानातले सीलबंद डबे चालतील. जहाज स्वच्छ राहावं, आजार येऊ नये म्हणून, असं सांगायचे. ठीक आहे. पण पाटी फक्त आमच्यासाठी होती. पाहुण्यांचे हात मोकळे. आणि याच जहाजाच्या मुदपाकखान्यातून अख्ख्या कोंबड्या, केक, लोण्याच्या वड्या रोज फेकल्या जात. मी डोळ्यांनी पाहिलंय.

घाटकोपरला पोचलो. वाटेत दुकानातून कुळीथ घेतले आणि काकीपुढे पिशवी ठेवली. मामांचं सांगितलं. तिने लगेच तवा ठेवला. कुळीथ भाजल्याचा वास खोलीभर झाला तशी जेवायला आलेली मंडळी ओरडायला लागली, "काकी, आज पिठी काय?" "गप जेवा. तुमचा नाय ता," काकी म्हणाली. जात्यावर भरडून, सुपात पाखडून सालं काढली. सकाळी गिरणीतून दळून आणलं. थोडं पीठ आपल्या बरणीत ठेवलं, संध्याकाळी मंडळींनाही पिठी करीन म्हणाली. बाकीचं मला.

सीलबंद डब्याची अक्कल माझी. काकीच्या खानावळीतला एकजण साकीनाक्याला पत्र्याच्या वर्कशॉपात होता. म्हटलं, तुपाच्या रिकाम्या डब्यात पीठ भरू आणि झाकण झाळून घेऊ. सील ते सील.

काकीला पटलं नाही. "डबो झाळलंस म्हणून काय तो दुकानातलो झालो? उघडून बघतले ना रे."

"काकी, सीलबंद म्हणजे सीलबंद. पाटीवर लिहिलंय."

"तू शिकलेलो. तुका म्हायत," ती म्हणाली. आठवी सोडलेल्याला शिकलेला म्हणणारी तीच एक.

साकीनाक्याला त्याने कथील लावून इतकं सुंदर झाळून दिलं की थेंबभर पाणी आत जाणार नाही. मी तो डबा मांडीवर घेऊन बंदरापर्यंत आलो. वाटेत कितीदा तरी हात फिरवला असेल त्यावरून.

गँगवेवर एक गोरा अधिकारी टेबलामागे बसला होता आणि सामान तपासायला सिक्युरिटीचा असिस्टंट उभा. असिस्टंट आपलाच, बोरिवलीचा, मराठी. त्याला बघून मला हायसं वाटलं. किती मूर्ख मी!

"काय आहे?" त्याने डबा हलवून बघितला.

"पीठ. सीलबंद आहे साहेब."

"लेबल कुठाय? कंपनी कुठली?" त्याने झाळलेल्या कडेवरून नख फिरवलं. "हे घरी झाळलंय. काय लपवलंस रे?"

मी सांगेपर्यंत त्याने स्क्रूड्रायव्हर घालून पत्रा फाडला. आत भुरं तपकिरी पीठ. तो गोऱ्याकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलला. मला त्यातला एकच शब्द कळला, पावडर. त्या काळी गर्दच्या, ब्राउन शुगरच्या नावाने मुंबईत पोरांची धरपकड चालू होती.

"कुठून आणलीस ही माती? कोणी दिली?"

"साहेब, कुळीथ आहे. पिठीचं पीठ. तुमच्या घरी करत नाहीत का?"

"माझ्या घरचं तू मला नको शिकवूस. पोलिसांना बोलवू का?"

तेव्हा मी काय केलं तर डब्यात हात घातला आणि मूठभर कोरडं पीठ तोंडात कोंबलं. ते घशात बसलं, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, ओठांवरून पीठ उडालं. खोकत खोकत आणखी एक मूठ भरली. मागे रांगेत उभे असलेले आमचेच लोक हसले. असिस्टंटही हसला. "बस बस, मरशील," मला म्हणाला. "खायचंच आहे, साहेब," असं त्याने गोऱ्याला सांगितलं असावं, कारण गोऱ्याने मान हलवली आणि हाताने बाहेरची खूण केली. अन्न आहे ना, मग नको.

म्हणजे विष असतं तर पोलीस, आणि अन्न असलं तर समुद्र. असिस्टंटने डबा कठड्यावर नेला आणि उलटा केला. वाऱ्याने अर्धं पीठ माझ्याच अंगावर आलं.

त्याच वेळी शेजारच्या गँगवेवरून एक मडम वर चढत होती. तिच्या मागे हमाल, हमालाच्या डोक्यावर आंब्याची करंडी आणि हातात मिठाईचे खोके. असिस्टंट धावत गेला आणि मडमचा पाय घसरू नये म्हणून त्याने हात पुढे केला. खोक्यात काय आहे ते त्याने विचारलं नाही.

त्या माणसाला कुळीथ ओळखता आला नाही असं मी मरेपर्यंत मानणार नाही. वासच सांगतो तो. त्याने ओळखला. गोऱ्यापुढे ओळख दाखवायची त्याला लाज वाटली. नियम पाळला असता तर मी समजू शकलो असतो. नियम पाळताना हसला, ते माझ्या अजून अंगाला चिकटून आहे. धुऊन जात नाही, आणि धुणं हाच माझा धंदा आहे.

माझी सुट्टी संपायला अजून दोन-तीन तास होते. मी तसाच पीठ लागलेल्या कपड्यांनी बंदराच्या गेटबाहेर गेलो आणि काकीच्या चाळीखालच्या वाण्याला फोन लावला. काकी धापा टाकत फोनवर आली. तिचा आवाज ऐकून मी रडायलाच लागलो.

"रडतस कित्याक? कोण मेला?"

मी सांगितलं. ‘मी सांगितलंच होतं’ असं ती म्हणाली नाही. विचारलं, "जहाजावर भाजी कोण चढवता?"

"कंत्राटदाराचे हमाल."

"थंयच थांब. मी येतंय."

घाटकोपरहून बंदर. मला वाटलं ती यायची नाही. आली. नऊवारी, पायांत स्लीपर, काखेत पिशवी. बरणीत राहिलेलं सगळं पीठ, आमसुलं, मिठाची पुडी. गेटच्या आत तिला सोडणार नव्हते, म्हणून ती कांद्याबटाट्याचे ट्रक आत जात तिथे उभी राहिली आणि प्रत्येक हमालाला विचारायला लागली.

"ए बाबा, खंयचो रे तू?"

"साताऱ्याचा, आजी."

"बरा. जा तू. ए, तू खंयचो?"

"तुला काय पोरगी द्यायचीय काय गं मला?" एकजण म्हणाला.

"तुझा थोबाड बघून म्हशीन पण नाय म्हणात. चल हो पुढे!" ट्रकवरचे सगळे हसले. मी मात्र शरमेने आणि भीतीने अर्धा झालो होतो. कोणी वर जाऊन सांगितलं तर?

शेवटी एकजण म्हणाला, "सावंतवाडीकडचो."

"गाव?" त्याने सांगितलं. काकीचा चेहरा उजळला. "तुमच्या देवळाकडच्या तळ्याजवळ माझ्या नणंदेचा घर. आमचोच तू. ह्या पीठ आसा. वर आजारी माणूस आसा आपलो. कांद्याच्या पोत्यात घाल नि ह्या पोराक दी."

त्याने माझ्याकडे बघितलं, पिशवी घेतली, पोत्यात खाली दाबली. "कपडे झाड आधी," मला एवढंच म्हणाला.

मी रिकाम्या हातांनी गँगवेवरून वर गेलो. असिस्टंटने माझे खिसेसुद्धा तपासले आणि म्हणाला, "आता कसा शहाणा झालास!" मी "होय साहेब" म्हटलं. ते "होय साहेब" मला आजही कडू लागतं. खाली, जहाजाच्या बाजूला माल चढवायच्या दारात, मी चादरींची गाडी घेऊन उभा राहिलो. पोती आत आली, तो हमाल वाकला, आणि काकीची पिशवी मळक्या चादरींखाली गेली.

लाँड्रीत वाफेच्या नळाखाली टमरेल धरलं की पाणी उकळतं. त्यात पीठ, आमसूल, मीठ. फोडणी नाही, काही नाही. मामांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मी टमरेलाकडे न बघता त्यांच्या पोटाकडे बघत होतो. पोटात ठरलं. संध्याकाळी पुन्हा मागितली. पुढच्या बंदरात डॉक्टर खाली आला तेव्हा मामा प्रेसचा दांडा ओढत उभे होते. दोन्ही हातांनी ओढत होते, पण उभे होते. डॉक्टरने कागदावर फिट लिहिलं. करार पुरा करून मामा आपल्या पायांनी घरी गेले.

नंतरच्या फेरीला घाटकोपरला गेलो तेव्हा साकीनाक्याच्या त्या झाळणाऱ्याने सांगितलं. त्या संध्याकाळी सगळे कामावरून आले तर खोलीला कुलूप. उपाशी मंडळी तापली. दोघांनी काकीला नको ते सुनावलं आणि दुसरी खानावळ धरली. काकीने मला यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "जेवलंस काय? मगे बस."

त्याच दिवशी वाढता वाढता तिने सहज विचारलं, "ता जहाज आतसून कसा असता रे? माका भायरसूनच दिसला."

काकी, मी अजून लाँड्रीतच आहे. अजून साहेबाच्या हाकेला दचकतो. पण एक दिवस तुला त्या जहाजावर घेऊन जाईन. आमच्या गँगवेने नाही, मडमांच्या गँगवेने. तुझ्या हातात पिठीचा डबा असेल, उघडा, वास येणारा, आणि तो असिस्टंट तुझा पाय घसरू नये म्हणून हात पुढे करील. डब्यात काय आहे ते विचारायची त्याची छाती होणार नाही. हे मी करीन. तोपर्यंत तू राहा.