पहिल्या वर्षाचा थकवा

सिंगापूरचं नागरिकत्व मंजूर होऊन बरेच दिवस झाले होते. भारताचा पासपोर्ट वकिलातीत परत द्यायचा, एवढंच उरलं होतं. आणि मी रोज नवं निमित्त काढत होते. आज मीटिंग, उद्या डोकेदुखी. नवरा वैतागला, "अगं, एकदाचं उरकून टाक ना!" उरकून टाक म्हणे. भांडी आहेत का ती? पुण्याहून आईने फोनवर विचारलं होतं, "म्हणजे आता तू इथे पाहुणी म्हणून येणार का गं?" मी हसून वेळ मारून नेली. फोन ठेवला आणि अंगातलं त्राणच गेलं.

त्यातच लेकीला शाळेने काम दिलं. सिंगापूर स्वतंत्र झालं ते पहिलं वर्ष ज्याला आठवतं असं माणूस शोधायचं आणि त्याला बोलतं करायचं. आमच्या सेम्बावांगच्या ब्लॉकमध्ये असं माणूस एकच, शेजारची मलय म्हातारी. सगळे तिला माकचिक म्हणतात, म्हणजे मावशी. रविवारी आम्ही दोघी तिच्याकडे गेलो.

"तेव्हा तुम्हाला खूप आनंद झाला असेल ना?" लेकीने इंग्रजीत विचारलं.

"आनंद कसला? वर्षभर नुसती दमलेली होते मी," माकचिक म्हणाली.

इंग्रजांचं राज्य सरलं, मलेशियाशी घरोबा झाला, तोही मोडला, आणि एक दिवस रेडिओवर सांगितलं की आता हे बेट म्हणजे वेगळा देश. माकचिकचं नुकतं लग्न झालं होतं. नवरा इथे, इंग्रजांच्या गोदीत कामाला. आई पुलापलीकडे, मलेशियातल्या जोहोरला. गोदी राहते की बंद होते, कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात रोज तोच घोळ. आई निरोप धाडायची, परत या. ही म्हणायची, एवढं वर्ष जाऊ दे, मग ठरवू.

"मग काय ठरवलंत?" मला राहवेना.

"ठरवायचं राहूनच गेलं. आईकडे जात होते की. पण पुढे पुढे ती माझ्यासाठी पाहुण्यांच्या कपबशा काढायला लागली."

एवढं वर्ष जाऊ दे, हे मीही आईला दरवर्षी सांगत आले होते.

सोमवारी सकाळी पासपोर्ट पर्समध्ये टाकला. दारात लेक आडवी आली. "आई, वेट! हात पुढे कर." तिने माझ्या तळहातावर चमचाभर दही घातलं. साधं संपलं होतं, म्हणून आंब्याचं.

"हे काय गं?"

"दही, लाह," इथल्या पोरांसारखा शेवटी 'लाह' लावत ती म्हणाली. "इंडिया सोडताना आजी देते ना?"

पोरीने दही पाहिलं होतं ते फक्त पुण्याच्या दारात, आम्ही विमानतळावर निघताना. तिचा समज तसाच होणार.

"अगं वेडे, सोडताना म्हणून नाही देत. माणूस परत यावं म्हणून देतात."

"ओके. मग परत ये. ऑफिसला जाऊ नको, डायरेक्ट घरी ये."

मला रडूच फुटलं. दही चाटलं, हात पुसला आणि लिफ्टपाशी उभी राहून आईला फोन लावला. ती नुकतीच उठली होती.

"आई, मी आले की मला त्या पाहुण्यांच्या कपात चहा द्यायचा नाही हं. आत्ताच सांगून ठेवते."