वाऱ्याचे गुण

जळगाव ते धुळे हा सायकल शर्यतीचा टप्पा मी वर्तमानपत्रासाठी भाड्याच्या जीपमधून पाहिला. ड्रायव्हर पन्नाशीचा होता. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. वाटेत तो सारखा बोट ओलं करून खिडकीबाहेर धरी आणि म्हणे, "वारा अजून समोरूनच शे."

धुळ्यात देवपूरला शर्यत संपली. मी बॉनेटवर वही ठेवून प्रत्येक सायकलपटूला दहापैकी गुण देऊ लागलो. निळ्या जर्सीवाला शेवटून तिसरा आला होता, त्याला चार दिले. ड्रायव्हरने वहीवर पंजाच ठेवला.

"चार? बठ्ठा वारा त्यानी खादा, भाऊ! त्याना जोडीदार त्याना मांगे दपेल व्हता, म्हनीसन पहिला उना."

"सगळा वारा यानेच झेलला आणि मागे दडलेला जोडीदार पहिला आला, हे खरं असेल; पण गुण निकालावर असतात," मी म्हणालो.

"मी वीस वर्षं सायकलवर अमळनेरले दूध नेलं. वारा खानं काय ऱ्हास, ते माले समजस. तुम्हनं ध्यान फोनमा व्हतं."

ते खरंच होतं. मी चार खोडून नऊ लिहिले, तेव्हा कुठे त्याने हात उचलला.

संध्याकाळी, मी पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो पाहून, संपादकांचा फोन आला. "शेवटून तिसऱ्याला नऊ? लोक हसतील. खोडलेले चारच ठेवतो."

"नऊच राहतील," मी म्हणालो. "नाहीतर माझं नाव काढा."

सकाळी पेपरात चारच छापून आले. खाली माझं नाव नव्हतं. ते पाहून मला फार बरं वाटलं.