बारावीच्या घरातला व्हिडिओ गेम

"दिवाळीपर्यंत लातूरचा डेड स्टॉक हलला नाही, तर दुसरी नोकरी बघा," साहेब पुण्याहून फोनवर म्हणाले. डेड स्टॉक म्हणजे दुकानात धूळ खात पडलेला माल. आमचा माल होता टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम. नांदेड-लातूरचा सेल्समन मी. दुसऱ्याच दिवशी लातूर गाठलं.

रशीदभाईंच्या टीव्हीच्या दुकानात मी डेमो लावला. गेममध्ये पहिला बॉम्ब फुटला आणि गिऱ्हाइकं चपला सोडून रस्त्यावर! भूकंपाला जेमतेम वर्ष होत होतं. धडधड ऐकली की आधी पळायचं, मग विचारायचं.

"आवाज बंद करा भाऊ," रशीदभाई म्हणाले. "लोकायचा जीव घेता का?"

आवाज बंद केला. विक्री तरीही शून्य. लातूरची रीतच तशी. घरात पोरगं दहावी-बारावीला गेलं की केबल तोडायची आणि टीव्हीवर चादर टाकायची. अशा गावात मला व्हिडिओ गेम विकायचा होता!

एका दुपारी मार्केट यार्डातले अडते पाटीलकाका तावातावानं आले. "माझं पोरगं बारावीला हाय. हे डबडं हलवा इथून!"

"बसा तर काका, चहा घ्या," म्हणत रशीदभाईंनी त्यांच्या हातात जॉयस्टिक दिली.

चहा गार झाला. काका उठेनात.

"पोरगं क्लासला कधी जातं?" मी विचारलं.

"पहाटंच. येतं सांजच्याला." नजर पडद्यावरच.

"आणि तुम्ही?"

"सौदा उरकला की घरी. लई कंटाळा येतो. केबल तोडून बसलो ना!"

माझी ट्यूब पेटली. मुलांचं चित्र असलेलं पोस्टर मी तिथल्या तिथे उतरवलं. रशीदभाई येणाऱ्या प्रत्येक बापाच्या कानात सांगू लागले, "केबल लागत न्हाई, आवाज व्हत न्हाई. पोरगं यायच्या आत डब्यात घाला." बाप लोक डबा पेपरात गुंडाळून नेऊ लागले.

दिवाळीआधी स्टॉक संपला. साहेब स्वतः बघायला आले. दुकानात टोप्या आणि पिकल्या मिशा.

"मुलं कुठायत?"

"क्लासला," मी म्हणालो. नोकरी वाचल्याचा आनंद मला लपवता येईना.

बारावीचा निकाल लागला, तसे पाटीलकाका पेढे घेऊन आले. पोरगं चांगल्या मार्कांनी पास झालं होतं. पण काकांचा चेहरा पडलेला.

"पोरगं दिवसभर घरीच हाय. गेमला मला हातच लावू देईना. दुसरा द्या एक."

तेव्हापासून माल कोणासाठी आहे, हे मी डब्यावर वाचत नाही. दुपारी घरी कोण असतं, ते विचारतो.