वरच्या गल्लीचं पाणी

भरमूच्या खांद्यावर कायम एक लोखंडी चावी असते. छातीएवढी उंच, वर आडवी मूठ. रस्त्यातल्या खड्ड्यात ती उतरवून चार फेरे दिले की वाडीला पाणी सुटतं. बेळगुंदीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला बसलेल्या या वाडीत तो तीस वर्षं हेच काम करतो. पंचायतीच्या कागदावर तो वॉटरमन, गावाच्या तोंडी नुसता भरमू. पाणी तासभर उशिरा आलं की त्याला जी विशेषणं लागतात ती इथं लिहिण्यासारखी नाहीत.

त्याची एक खोड सगळ्या वाडीला माहीत आहे. रोज सकाळी सहाला तो टाकीवर चढतो. एकवीस पायऱ्यांची लोखंडी शिडी, त्यात उजवा गुडघा कुरकुरणारा. वर जाऊन झाकण उचलतो आणि आत बघतो. तसं बघायची गरज नाही. टाकी भरली की जादा पाणी वरच्या नळीतून खालच्या धोंड्यावर पडतं आणि तो आवाज भरमूच्या चुलीपर्यंत येतो, कारण त्याचं घर टाकीला लागूनच आहे. पण कानावर त्याचा विश्वास नाही. डोळ्यांनी पाणी बघितल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही.

ही खोड अकरा वर्षांची. त्याआधी तो टाकीवर वर्षातनं दोनदा चढायचा, टाकी धुवायला.

अकरा वर्षांपूर्वी चैत्रात, भर दुपारी, वरच्या गल्लीत नागुबाईच्या पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंजीला आग लागली. गंजीवरून गोठ्यावर आली. गोठ्यात दोन म्हशी, त्यातली एक गाभण. भरमू त्या दिवशी सकाळी पिरनवाडीला भाचीच्या साखरपुड्याला गेला होता. जाताना मोटर चालू करून बायकोला सांगून गेला, "पानी सांडाय लागलं की बटन बंद कर." परत येऊन एसटीतून उतरतो तर डोंगराकडं धूर. तो चावी घेऊन पळाला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि वर धावत गेला. नागुबाईच्या दारातल्या नळाला करंगळीएवढी धार आली. मग दोऱ्याएवढी. मग नुसती हवा फुसफुसली. खालच्या गल्लीतली माणसं घागरी घेऊन चढावर धावत होती, ओतत होती, पण गोठा पेटल्यावर घागरीनं काय होणार? बेळगावहून बंब येईपर्यंत दोन्ही म्हशी गेल्या होत्या.

संध्याकाळी जोतिबानं टाकीत डोकावून बघितलं. हा जोतिबा म्हणजे पंचायतीचा मेंबर, उचलली जीभ लावली टाळ्याला अशातला. खाली उतरून त्यानं जाहीर केलं, "तळ दिसतोय. टाकी रिकामी ठिवून ह्यो जेवान जेवाय गेलता."

भरमूची बायको मालुबाई तेव्हा दहा जणांसमोर म्हणाली होती, "म्या सोता पानी धोंड्यावर पडल्यालं आयकून बटन बंद केलंया. टाकी भरल्याली हुती." पण नवऱ्याच्या बाजूनं बायको बोलणारच, यात गावाला नवल काय? गावाचं सोडा. खरं दुखणं वेगळंच होतं. भरमूला स्वतःलाच खात्री नव्हती. पाणी सांडलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. मालुबाईला कामाच्या गडबडीत भास झाला असेल का? तिनं बटण लवकर बंद केलं असेल का? हे त्यानं तिला कधी विचारलं नाही, आणि तो विचारत नाही याचा अर्थ काय ते तिला कळलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो टाकीवर चढला तेव्हा ती दारात उभी राहून बघत होती. अकरा वर्षं दोघांच्या संसारात ती शिडी अशी उभी होती.

नागुबाईनं भांडण केलं नाही. तिनं फक्त एक केलं. चावीवाला दारावरून जाताना उन्हातान्हाचा म्हणून घरोघरी त्याला तांब्याभर पाणी मिळतं, कुणी गुळाचा खडाही हातावर ठेवतं. नागुबाईच्या दारात ते बंद झालं.

गेल्या वर्षी शिमग्याच्या आसपास डोंगरावरच्या काजूच्या बागा जळल्या, आणि वाडीच्या बोळात बंब शिरेना. तेव्हा ठरलं की प्रत्येक वाडीत दहा-बारा माणसं आग विझवायला शिकवून तयार करायची आणि एक छोटा पंप गावातच ठेवायचा. यादी निघाली. वॉटरमन म्हणून भरमूचं नाव पहिलं.

"माजा गुडघा," भरमू घरी म्हणाला.

"एकवीस पायऱ्या चढताना कुटं जातोय त्यो गुडघा?" मालुबाई भाकरी थापताना म्हणाली.

गुडघ्याचं निमित्त होतं. शिबिराच्या पत्रकात दुसऱ्या दिवसाचं काम लिहिलं होतं: टाकीच्या पाण्यावर सराव, जागा वरची गल्ली. सगळ्या गावासमोर, नागुबाईच्या दारात, त्याच नळावर. परत हवा फुसफुसली तर? तीन रात्री त्याला धड झोप लागली नाही.

शिकवायला आली अग्निशमन दलातली समता. अठ्ठावीस-तीसची, खाकी गणवेश, पायात जाड बूट. माहेर निपाणीचं. आजी तानीबाईनं तंबाखूच्या वखारीत उभी हयात काढली, आणि नात आता गावोगावच्या बाप्यांना रांगेत उभी करत होती. जोतिबानं मिशीतल्या मिशीत हसत शेजाऱ्याला म्हटलं, "ही पोर आमास्नी आग इजवाय शिकिवणार."

समतानं ऐकलं. तिनं पहिला पाइप त्याच्याच हातात दिला. "मेंबर, घट्ट धरा. एकट्यानं धरायचा नसतोय, पण तुमी धराल." पंपानं जोर धरला तसा पाइप अजगरासारखा उसळला आणि मेंबर धोतरासकट चिखलात बसले. पुढचे दोन दिवस त्यांनी तिला मॅडमशिवाय हाक मारली नाही.

त्याच पहिल्या दिवशी दुपारी पंप हलवून विहिरीवर लावला. पंप पाणी धरेना. भरमूनं बराच वेळ बघितलं आणि न राहवून म्हणाला, "मॅडम, जोडातनं हवा घेतोय. शेन लिपूया?" सगळ्या शिवारात पंपाला शेणच लावतात, त्यात लाजायचं काय?

समता हसली. "आप्पा, आमच्या आजोळी पण शेणच लावत्यात. पण ते आत ओढलं गेलं की पुढं पाइपच्या तोंडात अडकतंय. आग समोर, आणि हातात तुंबलेला पाइप."

भरमूनं जोड उघडला. आतली रबरी चकती उलटी बसली होती आणि चिरलीही होती. जुन्या ट्यूबचा तुकडा खिशातल्या चाकूनं गोल कापून त्यानं चकती केली, बसवली, आणि पंपानं दुसऱ्या झटक्याला पाणी ओढलं. "आप्पा, उद्याचं टाकीचं काम तुमच्याकडं," समता म्हणाली. बाकीच्यांना वाटलं त्याचा मान झाला. भरमूनं चाकू मिटून खिशात टाकला आणि टाकीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो दोनदा टाकीवर चढला. दुसऱ्या वेळी सोबत जोतिबाला नेलं. पुढं कुणी बोलायला नको. टाकी काठोकाठ भरली होती, आकाश दिसत होतं पाण्यात.

नऊ वाजता वरच्या गल्लीत ताडपत्रीचा हौद मांडला. बेत सोपा होता. टाकीचं पाणी नागुबाईच्या दारातल्या नळातून हौदात पडायचं, हौदातून पंपानं उचलायचं, आणि पुढं पाइपनं जुन्या गोठ्याच्या जागेवर मारायचं. गोठा परत कधी बांधलाच नव्हता. नागुबाई उंबऱ्यावर बसून बघत होती. आता तिची पासष्टी उलटली होती.

भरमूनं खाली व्हॉल्व्ह उघडला, चावी तिथंच टाकली आणि चढ चढून आला. नळाला करंगळीएवढी धार होती. बघता बघता दोऱ्याएवढी झाली. मग नळ फुसफुसला. हौदात घोटाही बुडेना. पंपानं तेवढंच पाणी ओढलं, खाकरला आणि बंद पडला.

या वेळी टाकी रिकामी म्हणायची सोय नव्हती; ती भरलेली जोतिबानंच पहाटे बघितली होती. भरमूला वाटलं, आपल्या हाताचाच दोष आहे. आपण हात लावला की वरच्या गल्लीचं पाणी मरतं.

"आप्पा," समता म्हणाली, "टाकी भरलेली आहे. पाइप फुटलेला नाही. मग पाणी गेलं कुठं? तुमी सांगा. ह्या गावचं पाणी तुमच्याइतकं कुणाला ठावं हाय?"

भरमू चढ उतरायला लागला. समता मागोमाग, आणि तिच्या मागं सगळी मंडळी. खालच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन तो थांबला. तीस वर्षांचा कान होता त्याचा. दोन्ही बाजूच्या दारादारांतून पाणी पडत होतं. घागरीत, हंड्यात, बादलीत, आणि कुलूप लावून शेताला गेलेल्यांच्या दारात नुसतंच गटारीत.

बाहेरच्या माणसाला हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही. वाडीत पाणी तीन दिवसांनी येतं, आणि नेमकं किती वाजता ते विजेच्या मर्जीवर. म्हणून इथं नळ कुणी बंदच करत नाही. तोटी उघडी ठेवायची, खाली घागर ठेवायची. घागरीत पाणी वाजलं की उठायचं. खालच्या गल्लीतल्यांचं भरून झालं, त्यांनी तोट्या पिळल्या, की मग पाणी वरच्या गल्लीला चढतं. हे इतकं रोजचं होतं की कुणाच्या मनातही येत नव्हतं. आज पाण्याचा दिवस नव्हता, तरी नळ वाजला म्हटल्यावर बायका भराभर भरायला लागल्या होत्या. जोतिबाच्या नळाला तर कायमची रबरी नळी लावलेली. ती परसातल्या केळींना पाणी पाजत होती.

"मेंबर," समता म्हणाली, "केळी चांगल्या आल्यात."

जोतिबानं घाईनं जाऊन तोटी पिळली.

भरमू मात्र मधोमध उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. "त्या दिशी बी," तो म्हणाला. "त्या दिशी बी असंच झालं आसंल."

मग घरोघर माणसं पाठवली. कुलूपवाल्यांच्या अंगणात उड्या मारून तोट्या बंद केल्या. शेवटची तोटी बंद झाली आणि वरून कुणीतरी हाळी दिली. भरमू वर पोहोचला तेव्हा नागुबाईच्या नळाला अंगठ्याएवढी जोरकस धार होती. हौद भरत होता. पंप सुरू झाला, पाइप फुगला, आणि जुन्या गोठ्याच्या काळ्या जोत्यावर पाणी जाऊन आदळलं. कुणी टाळ्या वाजवल्या. समतानं तिथंच नियम केला: देवळातली घंटा सलग वाजली म्हणजे आग, आणि आग म्हणजे आधी आपला नळ बंद, मग बाकी सगळं.

नागुबाई उंबऱ्यावरून उठली होती. ती त्या पाण्याकडं बघत होती, आणि एकदम म्हणाली, "भरमू, हिकडं ये."

अकरा वर्षांत तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं. तो गेला.

"त्या दिशी खालनं घागरी आलत्या. तीस-चाळीस तरी. माज्या डोळ्यांम्होरं वतल्या."

"व्हय आक्का."

"हीर तवा कोरडी हुती. चैताला हिरीत गाळच आसतोय." तिनं नळाकडं बोट केलं. "टाकी रिकामी आसती, तर त्या घागरी कशानं भरल्या रं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते इतकं खरं होईल असं म्हण रचणाऱ्यालाही वाटलं नसेल. त्या घागरी सगळ्यांनी उचलल्या होत्या. जोतिबानं स्वतः दोन उचलल्या होत्या. मदतीला म्हणून जो तो आपली घागर भरत होता, आणि तेवढंच पाणी वर यायचं राहत होतं; संध्याकाळी टाकीचा तळ दिसला तो त्यामुळंच. दोष कुणाला द्यायचा? जोतिबा खाली मान घालून पाइप गुंडाळायला लागला. तो ओला पाइप त्याच्याकडून नीट गुंडाळला जाईना.

नागुबाई आत गेली आणि तांब्या घेऊन आली. ताटलीत गुळाचा खडा. भरमूनं गूळ तोंडात टाकला, वर घोटभर पाणी प्यायला. तो तिच्या पायरीवर बसला आणि तोंडावर टॉवेल धरून रडला. साठीला आलेला माणूस गावासमोर रडला, आणि त्याला काही वाटलं नाही. छातीवरचा धोंडा उतरताना माणूस कसा दिसतो याची फिकीर कोण करतो?

घरी मालुबाईला बातमी त्याच्या आधी पोहोचली होती. जेवताना तिनं न मागता दुसऱ्यांदा आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजले, सव्वासहा झाले. भरमू चुलीपाशी मांडी घालून बसला होता, हातात चहाची बशी. बाहेर मोटर चालू होती. मालुबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग खुंटीवरच्या टॉवेलाकडं.

"आज टाकीवर न्हाय गेलासा?"

तेवढ्यात बाहेर धोंड्यावर पाणी पडायला लागलं.

"भरली की," भरमू म्हणाला. "जा, बटन बंद कर."