वाटीभर तूप आणि डॉलीचे खुबे

आमच्या घरात आजवर खुब्याचा एक्स-रे एकाच बाईचा निघाला आहे, आणि ती कुत्री आहे. (उजवा खुबा माझाही दुखतो. त्याची चौकशी अजून कोणी केलेली नाही.)

डॉली ही आमची लॅब्राडोर जातीची कुत्री. माझा मुलगा दिलीप आर्णीत बी-बियाण्यांचं दुकान चालवतो. त्याने हे पिल्लू घरी आणलं तेव्हा मी सांगून टाकलं होतं की या घरात एक तर ही राहील, नाही तर मी. दोघी राहिलो. आता ती माझ्या खाटेखाली झोपते, आणि मी तिला ताटातलं काही देत नाही असं मी सगळ्यांना सांगते.

मागच्या उन्हाळ्यात दिलीप म्हणाला, "आई, डॉली आता वयात आली. यवतमाळचं एक स्थळ हाय. पिल्लं चांगली होतीन."

एवढं ऐकलं आणि मी पिल्लं वाटायला घेतली. शेजारच्या नूरबीला एक दिलं. पिठाच्या गिरणीवाल्याला एक दिलं, कारण तो माझं दळण आधी काढतो. बोरी अरब गावात माझी मुलगी दिली आहे. तिच्या सासूला, म्हणजे आमच्या इहीणबाईंना, फोन करून सांगितलं की पहिलं पिल्लू तुम्ही निवडा. लग्नाच्या पंगतीत आम्ही वाढलेली बासुंदी पातळ होती म्हणून इहीणबाईंनी तोवर मला धड हाक मारली नव्हती. त्या दिवशी त्या मला 'ताई' म्हणाल्या. आठवडा व्हायच्या आत त्यांनी अंगणात टिनाचं शेड ठोकलं आणि सगळ्या भावकीला सांगितलं की विलायती कुत्रा येऊन राह्यला. डॉलीने अजून नवऱ्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

मग यवतमाळचे साहेब आले. साहेब म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि टायगर हा त्यांचा कुत्रा. टायगर गाडीतच बसला होता, काचा बंद, आत थंड हवा. आमची सून रेखा हिने पोहे केले, लाडू ठेवले. साहेबांनी डॉलीला चालायला लावलं, वळायला लावलं, दात पाहिले. मला माझं लग्न आठवलं. फक्त माझे दात कोणी पाहिले नव्हते.

"स्थळ पसंत आहे," साहेब म्हणाले. "एकच अट. मुलीच्या खुब्यांची तपासणी करून घ्या. मोठ्या जातींत खुबा ढिला असण्याचा दोष असतो आणि तो पिल्लांत उतरतो."

"अन् तुमच्या टायगरचं?" मी विचारलं.

"टायगरला काही त्रास नाही. चांगला पळतो."

"आमचीबी पळते," मी म्हटलं. "मायी चप्पल घेऊन पळते."

साहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांनी एक लाडू उचलून वाटीत ठेवला आणि आम्हाला खुबा समजावून सांगितला. लाडू म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा, वाटी म्हणजे कमरेच्या हाडातली खळगी. तपासायच्या दोन पद्धती. पहिलीत कुत्र्याला पाठीवर झोपवतात, मागचे पाय सरळ ताणतात आणि एक्स-रेचा फोटो काढतात. पाय ताणलेले असले की कधी कधी ढिला खुबासुद्धा फोटोत बरा दिसतो. दुसरीत भूल देतात, मांड्यांमध्ये एक यंत्र धरतात, गोळा बाहेरच्या बाजूला ढकलतात आणि तो किती सरकला ते एक्स-रेत मोजतात. तिथे ढिलेपणा लपत नाही. एवढं सांगून झाल्यावर साहेबांनी मांडीचं हाड खाऊन टाकलं.

मला पहिली पद्धत एकदम पटली. अंग ताणून ताठ राहायचं, फोटो काढायचा आणि आतलं आत राहू द्यायचं, यात वाईट काय? मी दिलीपच्या कानाशी गेले.

"पयली कर. तिच्यात पास होते."

"आई, हे काय शाळेची परीक्षा हाय?"

"मंग काय हाय? नापास झाली तं इहीनबाईले तोंड कोन दाखवीन? तू?"

माझा हळू आवाज अंगणापर्यंत जातो. साहेब समजुतीने हसले. "तुम्ही साधीच करा, आजी. दुसरी जरा वरची आहे. त्यासाठी शिकलेला डॉक्टर लागतो, नागपूरला जावं लागतं. ग्रामीण भागात एवढं कोण करतं?"

मी पदर सारखा केला. "आमी वरचीच करू. अन् तुमच्या पोराचीबी वरचीच करा. त्याच डाक्टरकडे, त्याच दिवशी. नाही तं आमाले स्थळ नाही पायजे."

साहेबांनी गाडीकडे पाहिलं, टायगरने काचेतून साहेबांकडे पाहिलं, आणि साहेब हो म्हणाले.

ते गेल्यावर दिलीप म्हणाला, "आत्ताच तं तू पयली म्हनत होती?"

"तवा तो ग्रामीण म्हनला नोता."

ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळपासून डॉलीचा उपास. पोट रिकामं पाहिजे, असं नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं. रेखाने मला दोनदा बजावलं, "आई, तिले काही देऊ नका." मी देत नसतेच.

पण सकाळी निघायच्या वेळी माझ्या मनात आलं, लेकराला अशीच कोरडी न्यायची? पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतो आणि शेकतो, कारण जू खांद्यावर असतं. डॉलीची परीक्षा खुब्याची. मग तूप कुठे लागणार? मी वाटीभर तूप घेतलं, हळद कालवली, आणि तिचे दोन्ही खुबे असे चोळले की कोणत्याही बैलाने मान डोलावली असती. चोळताना तोंडातून सवयीने बैलाला म्हणतात ते गेलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

'जेवाले' हा एक शब्द डॉलीला पक्का येतो. तिने कान उभे केले. 'उद्या' तिला येत नाही.

वरून मी जुनी चादर टाकली, म्हणून दिलीपला काही दिसलं नाही. गाडीत मागच्या सीटवर आम्ही दोघी. कळंब गेल्यावर माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा नागपूर आलं होतं, चादर पायाशी होती, डॉलीचे खुबे चाटूनपुसून लखलखीत होते आणि जीभ पिवळीधमक.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी डॉलीचं तोंड उघडलं आणि दचकल्या.

"हिला कावीळ झाली आहे का?"

"नाही. हळद हाय ते."

"हळद कशी काय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, बैलांसकट. दिलीप वरच्या पंख्याकडे बघत उभा होता.

"तूप किती होतं, आजी?"

"वाटीभर. घरचं हाय, भेसळ नाही."

"आजी, भरल्या पोटी भूल दिली आणि तिला उलटी झाली तर ते फुप्फुसात जातं. जीव जाऊ शकतो. आज काही करता येणार नाही."

साहेब टायगरला घेऊन बाकावर बसले होते. नियमाप्रमाणे उपाशी, अंघोळ घातलेला, गळ्यात नवा पट्टा. "आमचं तर करून घ्या," साहेब म्हणाले आणि पुढे आले. नेमक्या त्याच वेळी डॉलीने डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खरं करून दाखवलं, भूल न घेताच. सगळं साहेबांच्या बुटांवर.

तूप घरचं होतं. टायगर कालपासून उपाशी होता. साहेब "टायगर, नो, नो" म्हणेपर्यंत त्याने दोन्ही बूट स्वच्छ केले होते.

डॉक्टरीणबाईंनी त्याचंही नाव खोडलं.

परतीच्या वाटेवर माझ्याशी कोणी बोललं नाही. फक्त डॉली मध्ये मध्ये माझा हात चाटत होती, आणि तेही कशासाठी ते मला माहीत होतं.

पुढच्या खेपेला मला घरी ठेवलं आणि तूप कुलपात. या वेळी दोघांचीही तपासणी नीट झाली. काही दिवसांनी निकाल आला. दिलीप फोन ठेवून माझ्यासमोर बसला.

"डॉलीचे खुबे एकदम घट्ट हायेत. डाक्टरीन म्हने, असे कमी पाहाले भेटतात."

"मी म्हटलंच होतं. तूप वाया नाही जात."

"टायगरचे दोन्ही ढिले निघाले. त्याची पिल्लं घेऊ नका म्हनून सांगतलं."

मी विचारलं, "अन् पयल्या पद्धतीत?"

"साध्या फोटोत तं बरा दिसला असता म्हनते."

म्हणजे त्या दिवशी मी पदर सारखा न करता लाडू वाढत बसले असते, तर लग्न झालं असतं. (आणि पिल्लं मोठेपणी लंगडली असती, असं रेखा म्हणते. ती बरोबर म्हणते. पण इहीणबाईंशी बोलायचं तिला नव्हतं.)

मी बोरी अरबला फोन लावला.

"इहीनबाई, खुबे ढिले निघाले."

"तुमचे?"

"नवरदेवाचे. जमलं नाही."

"अन् आमच्या शेडचं कसं?"

"बकरी बांधा."

ताई हा शब्द त्या दिवशी संपला.

आता नागपूरचं नवीन स्थळ आलं आहे. मुलगा काळा आहे, पण घरचे कडक. काल संध्याकाळी नूरबी ओट्यावर येऊन बसली. तिला दिलेलं पिल्लू ती अजून विसरलेली नाही.

"क्या मावशी, पिल्लू कवा देता? मायी सून रोज इचारून राह्यली."

"थांब बाई. या वेळी मुलाकडचे लोक खुबे पाहतीन, कोपर पाहतीन, डोळे पाहतीन, काळीजबी पाहतीन म्हनते."

"सब कुत्र्याचंच?"

"मंग कोनाचं?"

"मालकिनीचं डोस्कं नाही न तपासून राह्यले?"

"त्याचं काही बोलले नाही."

"मंग आजच हो म्हनून टाका, मावशी. उद्या त्याइच्या ध्यानात आलं तं?"

मी दिलीपला हाक मारली आणि लगेच नागपूरला फोन लावायला सांगितलं.